समुद्र आला तर किल्ल्या कोणाकडे?

काही घरांत रिकामे डबे साठतात, काहींत रद्दी. आमच्या बिल्डिंगमध्ये माझे किस्से साठलेत. कोणाकडे पाहुणे आले, चहा झाला, बोलणं जरा थंडावलं की वरच्या मजल्यावरची नलू म्हणते, "आमच्या वैशालीचं समुद्राचं सांगितलं का तुम्हाला?" मी समोर बसलेली असले तरी ती सांगते. आणि सांगताना दरवेळी थोडी भर घालते. परवा मी ऐकलं की मी माझ्या लेकीला, मनूला, ट्रकच्या ट्यूबमध्ये झोपवते. हे साफ खोटं आहे. ट्यूबची मी फक्त चौकशी केली होती.

म्हणून म्हटलं, आपणच सांगून टाकावेत. लाज वाटायचीच आहे, तर निदान खऱ्या गोष्टींची वाटू दे.

आम्ही अंधेरीला राहतो, सात बंगल्याच्या बाजूला. चार मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही, गच्चीवर गेलं की समुद्र दिसतो. आमचं घर तळमजल्यावर, कारण सासूबाईंचे गुडघे. मागल्या वर्षी पावसाळ्यात एका मोठ्या भरतीला गटारातून उलटं पाणी आलं आणि आमच्या उंबऱ्याशी येऊन थांबलं. बाकीच्यांनी ते बघितलं, "बापरे" म्हटलं आणि वर जाऊन भजी तळली. मी भूगोल घेऊन बी.ए. केलंय, मनू व्हायच्या आधी शाळेत शिकवलंय. माझ्या डोक्यातलं पाणी उंबऱ्याशी थांबत नाही. पुस्तकात त्सुनामीवर एकच परिच्छेद होता, परीक्षेला कधी आला नाही, पण मला पाठ आहे.

दुपारी माझा नवरा, प्रदीप, साकीनाक्याला कारखान्यात असतो. घरात मी, तीन वर्षांची मनू आणि आई, म्हणजे सासूबाई. मनूला कडेवर घेऊन मी धावू शकते. आईंना उचलू शकत नाही. म्हणजे पाणी आलं तर मी कोणाला वर नेणार, हे गणित रोज दुपारी मांडते आणि उत्तर यायच्या आत उठून भांडी घासायला लागते.

एवढं लक्षात ठेवलंत की पुढचं सगळं कळेल. हसायला हरकत नाही. सगळेच हसतात.

*

दुसऱ्या मजल्यावर नाडकर्णी काका राहतात. जन्मभर जहाजांवर वायरलेस ऑफिसर होते, जपानची बंदरं पाहिलेली. मी त्यांना म्हटलं, समुद्र चढून आला तर काय करायचं ते आमच्या बायकांना समजावून सांगाल का? ते म्हणाले, "जरूर. कधी?"

बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका एका वेळी एका खोलीत फक्त हळदीकुंकवाला सापडतात. तेव्हा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, आमच्या घरी, काकांचं व्याख्यान ठेवलं. बिचारे दाराजवळच्या खुर्चीत गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. अत्तर लावणाऱ्या मुलीने ओघात त्यांच्याही मनगटाला लावलं. आई आतल्या खोलीत तिळगुळाच्या वाट्या भरत होत्या. सासरे गेल्यापासून हळदीकुंकू असलं की त्या आतच बसतात. त्या कधी बाहेर येते म्हणाल्या नाहीत, मी कधी या म्हटलं नाही. दार लोटलेलं असतं.

काका बोलले मात्र छान. "किनाऱ्यावर जमीन बराच वेळ हलत राहिली, किंवा समुद्र एकाएकी लांब मागे गेला, तर कोणी येऊन सांगेल याची वाट बघायची नाही. तो कुठे गेला हे बघायलाही जायचं नाही. सामान घ्यायचं नाही. चालत, लगेच, समुद्रापासून दूर आणि उंचावर. तेवढा वेळ नसेल तर पक्क्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्याच्या वर. आणि एक लाट येऊन गेली म्हणजे संपलं असं समजू नका. मागून आणखी येतात, कधी कधी तासांनी, पहिलीपेक्षा मोठ्या. खाली उतरलेली माणसं तेव्हा सापडतात."

मला वाटलं, पोचलं. मग नलूने हात वर केला.

"काका, नळाला पाणी यायची वेळ असली तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे भरून जायचं का?"

त्यावर बराच वेळ चर्चा झाली. पिंप भरावं की नुसती कळशी, यावर दोन गट पडले. काका रुमालाने मनगट पुसत राहिले.

त्यानंतर वाण. दरवर्षी स्टीलची वाटी नाहीतर प्लॅस्टिकची चाळणी असते. मी म्हटलं, काहीतरी उपयोगाचं द्यावं, आणि प्रत्येकीला दोरी लावलेली एकेक शिट्टी दिली. संकटात वाजवायला. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी शिट्टी उलटसुलट करून पाहिली आणि हळूच विचारलं, "ह्याच्यात काय ठेवायचं गं?"

संध्याकाळपर्यंत सगळ्या शिट्ट्या पोरांच्या गळ्यात गेल्या. मे महिन्याच्या सुट्टीत तर विचारूच नका. आता आमच्या बिल्डिंगमध्ये शिट्टी वाजली तर कोणी मानसुद्धा वळवत नाही. आख्ख्या अंधेरीत धोक्याची शिट्टी न ऐकणारी एकच बिल्डिंग असेल, आणि ती मी शिकवून तयार केली आहे.

*

आमच्याकडे एक पद्धत आहे. कोणीही बाहेर पडलं, अगदी कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला, की कुलूप लावायचं आणि किल्ली आमच्या आईंकडे द्यायची. आई दिवसभर दारात पाटावर बसून असतात. मुलं शाळेतून आली, मोलकरीण आली, गॅसवाला आला, सगळ्यांना आईच किल्ली देतात. कोणती किल्ली कोणाची हे त्या हाताने चाचपून ओळखतात. गच्चीची किल्लीही आमच्याकडेच, खिळ्याला.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मार्चमध्ये जी रंगीत तालीम घेतली, तिच्यात हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मी खाली अंगणात उभी राहून ओरडले, "समुद्र आला!" ठरल्याप्रमाणे सगळ्यांनी धडाधड गच्चीवर जायचं. त्याऐवजी वरून सगळा लोंढा खाली आला. प्रत्येकीने दार ओढून घेतलं, कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं, आणि जिना उतरून आईंकडे किल्ली द्यायला आली. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या ज्या वरच सुरक्षित होत्या, त्याही आल्या. आमच्या दारात रांग लागली. मी म्हटलं, "अगं, समुद्र आलाय!" नलू म्हणाली, "हो, पण घर काय उघडं टाकून जाऊ?"

मग सगळ्या पुन्हा वर चढल्या. गच्चीचं दार बंद. किल्ली खाली खिळ्याला.

वरून हाका येत होत्या, "वैशाली, किल्ली!" मी मनूला कडेवर घेऊन जिन्याखाली उभी. समोर पाटावर आई. पदरात किल्ल्यांचा हा ढीग. मी म्हटलं, "आई, तालमीपुरतं तरी दोन पायऱ्या चढा ना."

आईंनी पदर सावरला. "मी वर गेलंय तर चाव्यो कोणाकडे ठेवतलात?"

तालमीनंतर नलूने हिशेब मांडला: पूर्ण बिल्डिंग वाचली असती, फक्त गच्चीच्या कुलपाबाहेर.

*

जूनमध्ये प्रदीपने त्याच्या साहेबांना जेवायला बोलावलं. साहेब आणि बाई पहिल्यांदाच येणार. मी पडदे बदलले, श्रीखंड केलं, आईंना समजावलं की जरा जपून बोला. सगळं केलं, पण दाराजवळची बॅग उचलायला विसरले.

ती बॅग म्हणजे माझी तयारी. मनूचे दोन फ्रॉक, आईंची गोळ्यांची डबी, टॉर्च, मेणबत्त्या, चिवडा, पाण्याची बाटली. काका म्हणाले होते सामान घेऊ नका. पण आधीच भरून ठेवलेलं सामान हे सामान नाही, असं मी स्वतःला पटवलं होतं.

साहेबांच्या बाईंनी चप्पल काढता काढता बॅग पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. रात्री जागून माझे डोळे सुजलेलेच असतात. जेवणभर त्या माझ्याशी फार हळुवारपणे बोलत होत्या. हात धुवायला मोरीकडे गेलो तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "प्रत्येक घरात होतं हो असं. पण लहान मूल घेऊन माहेरी जाण्यापूर्वी दोनदा विचार करा."

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा कानापर्यंत तापले. मी "नाही, ते म्हणजे, समुद्र," असं काहीतरी पुटपुटले. बाईंना वाटलं मी जीव द्यायला निघाले. त्यांनी घाबरून बाहेर साहेबांकडे पाहिलं.

तेवढ्यात आई दारातल्या पाटावरून म्हणाल्या, "ती खंय जाणा नाय. ती दर्याची वाट बघता."

प्रदीप त्यानंतर बढतीबद्दल काही बोलला नाही. मीही विचारलं नाही.

*

बालवाडीतला किस्सा छोटा आहे, पण तो सगळ्यात जास्त सांगितला जातो.

बालवाडीच्या अंगणात पाण्याचा टँकर आला आणि त्याचा पाइप निसटला. पाणी धो धो वर्गाच्या दारातून आत. बाई काही बोलायच्या आत आमची मनू उठली आणि म्हणाली, "चला, उंचावर!" सगळी पोरं बाईंच्या टेबलावर. टेबल तेवढं नव्हतं. एक पाय मोडला, टेबलाचा.

मला बोलावणं आलं. मी मान खाली घालून उभी. म्हटलं, "बाई, मी घरी फार बोलते, तिच्या कानावर पडतं. आता नाही बोलणार. टेबल आम्ही नीट करून देऊ."

बाई म्हणाल्या, "टेबलाचं सोडा हो. मुलगी गुणी आहे. एकही मूल खाली राहिलं नाही, शेवटी स्वतः चढली."

मी जरा मान वर केली. तेव्हा दिसलं की बाई हे सगळं खुर्चीवर उभ्या राहून बोलत होत्या. खाली पाणी तसंच होतं.

*

ऑगस्टमध्ये नवीनच काहीतरी सुरू झालं. आईंनी दारातला पाट सोडला आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसायला लागल्या. मनूला शेजारी बसवायच्या आणि शेंगा सोलायच्या. मला वाटलं, दारात ओल येते म्हणून असेल. थोड्या दिवसांनी बघते तर चार पायऱ्या वर. मग वळणावर. बसल्या बसल्याच हात टेकून मागे मागे सरकायच्या, एक पायरी, मग शेंगा. बिल्डिंगमधली सगळी त्यांच्या बाजूने अंग चोरून जायची. किल्ल्याही तिथेच पदरात.

मी म्हटलं, "आई, घरात बसा ना. लोक काय म्हणतील?"

"हय वारो बरो लागता."

लोक काय म्हणतील ते मला लवकरच कळलं. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "बाई गं, तुमच्यात काय झालंय ते मी विचारत नाही. पण म्हाताऱ्या माणसाला जिन्यात बसवू नये."

दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावरून आईंसाठी झाकलेली ताटली आली. वरण-भात, तूप, लिंबाची फोड. सुनेने उपाशी ठेवलेल्या सासूला पाठवतात तशी.

मी आईंपुढे रडायचीच बाकी होते. "आई, माझं काही चुकलं असेल तर स्पष्ट सांगा. पण घरात या. मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही."

आईंनी ताटलीतला भात कालवून मनूला भरवला आणि लिंबाची फोड पिळता पिळता म्हणाल्या, "तूप बरा आसा."

गणपती येईपर्यंत त्या दुसऱ्या मजल्याच्या वळणाला पोचल्या होत्या. नलू म्हणायची, "वैशाली, तुझी सासू पळून चाललीय. फक्त सावकाश."

*

आता हा शेवटचा. हा नलू कोणाला सांगत नाही.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. मी मनूला घेऊन स्टेशनजवळ कंदिलाचा कागद आणायला गेले होते. दुपारी परतले तर गल्लीत सामसूम. इस्त्रीवाला टेबल तसंच टाकून निघाला होता. मी विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "भाभी, दरिया पीछे गया है. इतना पीछे की नाव सब कीचड में बैठी है. देखने का चीज है."

माझ्या हातातला कागद खाली पडला.

मी धावत बिल्डिंगमध्ये शिरले. आमच्या दाराला कुलूप. पाट रिकामा. जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर कोणी नाही. हाका मारल्या, उत्तर नाही. आख्खी बिल्डिंग बंद, एकाही दारामागे आवाज नाही. मी म्हटलं, संपलं. या लोकांनी आईंना रिक्षात घालून हौसेने समुद्र बघायला नेलंय.

इथे मी काय करायला हवं होतं ते मला तोंडपाठ होतं. मनू कडेवर होती, जिना समोर होता. वर जायचं. मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले. एक पाय पायरीवर ठेवला.

आणि मनूला तशीच कडेवर घेऊन समुद्राकडे धावत सुटले.

किनाऱ्यावर जत्रा होती. समुद्र खरंच कुठच्या कुठे गेला होता. जिथे कधी पाय टेकला नाही तिथे पोरं शिंपले वेचत होती. भेळवाला गाडी घेऊन आला होता. नलू ओचा खोचून खडकांत कालवं शोधत होती. मी ओरडले, "नलू, आई कुठे? वर चला सगळे, वर चला!" ती म्हणाली, "अगं, ये ना, केवढी कालवं आहेत बघ." मी मनूच्या गळ्यातली शिट्टी काढून जीव खाऊन वाजवली. आमच्या बिल्डिंगच्या एकानेही मान वळवली नाही. एका पोराने मात्र उलट शिट्टी वाजवून दाखवली.

गर्दीत पुढे दुर्बीण लावून कोणीतरी उभं होतं. नाडकर्णी काका.

"काका, तुम्ही?"

काका ओशाळले. "नाही, म्हणजे, जन्मात एकदाच दिसतं असं. बहुतेक अमावास्येच्या सुमाराची ओहोटी आहे नि सकाळपासूनचा वारा. बहुतेक."

"आई कुठे आहेत? आईंना कोणी आणलं?"

"आईंना कोणीच नाही आणलं. आम्ही किल्ल्या दिल्या तेव्हा त्या जिन्यातच बसल्या होत्या." असं म्हणून त्यांनी दुर्बीण वळवली, बिल्डिंगकडे धरली, आणि तशीच धरून ठेवली. "वैशाली, गच्चीवर कोणीतरी आहे."

मी दुर्बीण हिसकावली. आधी नुसतं आकाश दिसलं. मग टाकी. मग कठड्याला टेकलेलं आईंचं करडं लुगडं.

मी परत कशी आले ते आठवत नाही. चार जिने चढून वर पोचले तेव्हा छातीत धाप मावत नव्हती. गच्चीचं दार उघडं. चादरीवर नलूने सकाळी चिवड्याचे पातळ पोहे उन्हात घातले होते, त्यांच्या बाजूला टाकीच्या सावलीत आई पाय पसरून बसल्या होत्या. तळहात सोलवटलेले. पदरात किल्ल्या.

"आई, तुम्ही वर कशा आलात?"

"जिन्यान."

मनू त्यांच्या मांडीत जाऊन बसली. मी खाली बसले ती बसलेच.

थोड्या वेळाने खालून हाका सुरू झाल्या. बघणं संपलं होतं, लोक घरी आले होते, दारांना कुलपं होती. "आई, किल्ली टाका!" नलू मान वर करून उभी, ओच्यात कालवं. आई कठड्याशी गेल्या.

"वर येवन घे."

"अहो, टाका ना खाली. पाय भरलेत चिखलाने."

"चावी खाली येवची नाय."

नलूने मला खुणा केल्या, की समजव जरा. मी दुसरीकडे पाहिलं. मग एकेक जण वर यायला लागलं. आजी आल्या, जिन्यात दोनदा बसून. पोरं आली, चौथ्या मजल्यावरची ताटलीवाली आली. किल्ली मागायला हात पुढे केला की आई म्हणायच्या, "बस मगे." कोणाला किल्ली मिळाली नाही. उन्हं उतरेपर्यंत सगळी बिल्डिंग गच्चीवर होती, पोह्यांच्या चादरीभोवती दाटीवाटीने, चिखलाच्या पायांनी. शेवटी काका आले, कठडा धरून श्वास घेत राहिले.

वरून सगळं स्वच्छ दिसत होतं. पाणी हळूहळू परत आलं. रोजच्या भरतीसारखंच आलं, आवाज न करता, पण चटकन. शिंपल्यांची जागा गेली, खडक गेले, नावा उचलल्या गेल्या. मग काका खाकरले. "चला, आली भरती. झालं. उतरायला हरकत नाही."

सगळे उठले. आई उठल्या नाहीत. त्यांनी पदराची गाठ आणखी घट्ट केली.

"एक लाट येवन गेली म्हणान उतरूचा नाय, असा तुमीच सांगितलात मा?"

काका गोंधळले. "मी? तुम्हाला कधी सांगितलं?"

"हळदीकुंकवाक."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. नलूने पाहिलं. मी खाली वाकले आणि वाळलेले पोहे उगाच हाताने खालीवर करत बसले.